कायमस्वरूपी मगर

आपली मुलगी काय काम करते हे ज्योतिबांना ठाऊक होतं. ते काम आहे, हे मात्र त्यांना अजून पटायचं होतं.

ज्योतिबा मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी मुंबईला आले, वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून कांद्या-बटाट्याची पोती वाहिली आणि निवृत्त झाल्यावर जुईनगरच्या दोन खोल्यांत स्थिरावले. बायको गेल्यापासून घरात ते आणि मंजुषा, एवढी दोनच माणसं. ज्योतिबांच्या लेखी काम म्हणजे सकाळी घराबाहेर पडायचं, घाम गाळायचा आणि दिवेलागणीला परत यायचं. मंजुषा तर सकाळी न्हाऊन, केस विंचरून गॅलरीतल्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची.

"आज बी सुट्टी हाय व्हय गं?" ते चष्म्यावरून बघत विचारायचे.

"आबा, हे कामच आहे."

"बरं, बरं. म्हंजी बसून हाईस तर."

मंजुषा पत्रकार होती. पूर्वी एका दैनिकाच्या नवी मुंबई पुरवणीत नोकरीला होती. एके दिवशी दुपारी संपादकांनी सगळ्यांना बोलावलं, समोसे मागवले आणि पुरवणी बंद होत असल्याचं सांगितलं. "आजपासून तुम्ही सगळे स्वतंत्र पत्रकार," असंही ते म्हणाले. स्वातंत्र्य इतक्या पडेल आवाजात कुणी कुणाला दिलं नसेल. फोटोग्राफर प्रसादने दोन समोसे खिशात टाकले. तोही त्याच दिवशी स्वतंत्र झाला होता, आणि परिस्थितीचा अंदाज त्याला इतरांआधी आला होता.

तेव्हापासून मंजुषा मिळेल ते लिहीत होती. बिल्डरांची माहितीपत्रकं लिहिली. त्यात 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असं लिहिताना 'कशाने' हे मोघम ठेवायचं असतं, हे ती शिकली. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा गौरवअंक लिहिला. वॉशिंग मशीनच्या सूचना मराठीत आणल्या. पत्रकार परिषदांना जायची तेव्हा दारातली मुलगी विचारायची, "मॅडम, कुठून?" म्हणजे कुठल्या पेपरातून. मंजुषा ठामपणे सांगायची, "जुईनगरहून." मुलगी लिहून घ्यायची आणि आत सोडायची. 'जुईनगर' नावाचा पेपर नसेलच असं खात्रीनं कोण सांगणार?

त्यातल्या त्यात नियमित काम म्हणजे 'ताजी लाट' नावाचं एक बातम्यांचं पोर्टल. तिथला केयूर नावाचा मुलगा नवी मुंबईचं पान बघायचा. वयानं लहान, पण कायम नोकरीवर असल्यामुळे बोलण्यात एक प्रौढपणा आलेला. छापली तर बातमीचे पैसे, नाही तर काही नाही, असा तिथला व्यवहार.

"मंजुषाताई, टेन्शन नका घेऊ, पण काहीतरी होऊ द्या ना तुमच्याकडे," तो फोनवर म्हणायचा.

अडचण तीच होती. हे आखून वसवलेलं शहर. इथे रस्ते सरळ, सेक्टरांना नंबर, आणि घडून घडून घडायचं काय, तर गुरुवारी पाणी येणार नाही. मंजुषाने पाणी न येण्याच्या बातम्या इतक्या तऱ्हांनी लिहिल्या होत्या, की पाणी आलं तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

असंच एकदा बातमी शोधत ती करावे गावात मैनाकडे गेली. मैना मासेवाली. तिचा नवरा गणू गावामागच्या तळ्यात जाळं टाकायचा. खाडीचं पाणी भरतीला तळ्यात यायचं, त्याबरोबर मासे यायचे. गणू ते धरायचा आणि मैना विकायची. मंजुषा कधी बोईट घ्यायची, कधी नुसत्या गप्पा.

"काय म्हणतंय गाव?"

"गाव काय बोलनार!" मैना सुरीला पाणी लावत म्हणाली. मग खुदकन हसली. "तलावान मगर आयलीय म्हनतान."

मंजुषाने हातातलं बोईट खाली ठेवलं. मैनाच्या हसण्याकडे तिने तेव्हा लक्ष दिलं नाही. पुढे बरेच दिवस तिला ते हसणं आठवत राहिलं.

तिने लगेच प्रसादला बोलावून घेतलं. भरती चढलेली होती. पलीकडच्या काठाशी, तिवरांच्या सावलीत, खरोखरच काहीतरी तरंगत होतं. काळपट हिरवं, पाठीवर काटेरी कंगोरे. पुढच्या टोकाला एक डोळा. प्रसादने लांबूनच फोटो काढले. दोघंही जरा मागे सरकली.

मंजुषा जुन्या वळणाची बातमीदार. तिने जपून लिहिलं: 'करावे येथील तळ्यात मगरसदृश प्राणी दिसल्याचे काही ग्रामस्थांचे म्हणणे आहे.' तासाभरात 'ताजी लाट'वर मथळा झळकला: 'करावेत महाकाय मगर! नवी मुंबई हादरली!'

तिने केयूरला फोन केला. "अरे, मी 'मगरसदृश' लिहिलं होतं."

"ताई, 'सदृश' कोण सर्च करतं?"

हे खरं होतं.

नवी मुंबई हादरली की नाही देव जाणे, पण खुश झाली. इतकी वर्षं तिच्याकडे असं काही नव्हतंच. संध्याकाळपर्यंत तळ्याच्या बांधावर माणसांची रांग लागली. सीवूड्समधल्या एका सोसायटीने लिफ्टमध्ये सूचना लावली: 'रहिवाशांनी मगरीस खाद्यपदार्थ घालू नयेत.' दुसऱ्या सोसायटीने पोहण्याचा तलाव बंद केला. तो तलाव सहाव्या मजल्यावर होता. एका प्राणीमित्र संस्थेने काठावर पिंजरा लावला आणि मगरीला आमिष म्हणून आत एक कोंबडी ठेवली. रोज सकाळी लोक कोंबडी बघायला यायचे. मगर काही पिंजऱ्याकडे फिरकत नव्हती. येणारेजाणारे कोंबडीला दाणे, शेव, केकचे तुकडे घालत होते आणि कोंबडी दिवसेंदिवस देखणी होत चालली होती. 'कोंबडी सुरक्षित' ही मंजुषाची बातमी पोर्टलवर दोन दिवस वर राहिली.

आता केयूरचे फोन थांबेनात. मगर काय खाते? मगर किती वर्षं जगते? मगर पावसाळ्यात कुठे जाते? मगरीचं स्वप्न पडणं शुभ की अशुभ? मंजुषा सगळं लिहीत होती. प्रसादचे फोटो इतर पेपर मागत होते. वृत्तवाहिन्यांवर मंजुषाच्या नावाखाली 'मगर अभ्यासक' अशी पट्टी येऊ लागली. तिने पहिल्यांदा आक्षेप घेतला. दुसऱ्यांदा घेतला नाही.

सर्वांत मोठा बदल ज्योतिबांमध्ये झाला. संध्याकाळी बागेत त्यांच्या जुन्या मार्केटमधल्या मित्रांची बैठक असायची. आजवर तिथे कुणी मुलीचा विषय काढला, की ज्योतिबा घोट्याचं दुखणं काढायचे. आता ते स्वतःहून सांगू लागले, "टीव्हीवर मगरीचं बोलत्या ना, ती आमची मंजू." मंजुषा रोज सकाळी घाईघाईने करावेला निघते, घामाघूम होऊन दिवेलागणीला परत येते, हे बघून तर त्यांचा जीव भांड्यात पडला. हे काम त्यांच्या ओळखीचं होतं.

एके दिवशी जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "मंजे, ही मगर कायम हाय का गं?"

"म्हणजे?"

"म्हंजी पर्मनंट. का सीजनचीच?"

आणि योगायोग असा, की त्याच आठवड्यात केयूरने सांगितलं, "ताई, वर बोलणं झालंय. मगर अजून महिनाभर टिकली ना, तर तुम्हाला दरमहा बांधून काम देणार. लेखी."

मंजुषाने फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीतून खालच्या रिक्षा बघत राहिली. बांधून काम! नोकरी नव्हे, पण नोकरीसदृश तरी. उद्या काय लिहायचं याची काळजी नाही. दारातल्या मुलीला 'जुईनगर' सांगायला नको. तिने मनातल्या मनात मगरीला उदंड आयुष्य चिंतलं.

तिसऱ्या दिवशी प्रसाद घरी आला. चेहरा असा, की ज्योतिबांनी न विचारता पाणी आणून दिलं.

"मंजे, नवीन लेन्स लावून काढलेत. बघ." त्याने लॅपटॉपवर फोटो उघडला आणि मोठा करत नेला. कंगोरे. जबडा. डोळा. आणखी मोठा केला.

मंजुषा वाकून बघत राहिली. "प्रसाद, हा डोळ्यात काय आहे रे?"

"तूच सांग."

"होल्डर वाटतोय."

"होल्डरच आहे. बल्बचा."

ज्योतिबांनी मागून डोकावून बघितलं. "खाकी व्हल्डर हाय. पितळी पिन. आमच्या गोडावनात असलंच व्हतं," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो. ते मुकाट्याने ग्लास उचलून आत गेले.

"हा फोटो महिन्याभराने काढला असतास तर?" मंजुषा म्हणाली.

"मला काय माहीत मगर लाइटवर चालते!" प्रसाद वैतागून म्हणाला.

ती तशीच उठली आणि करावेला मैनाकडे गेली. बांधावर आता जत्राच होती. मैनाने मासळीची पाटी सोडून शेगडी मांडली होती आणि बघ्यांना तळलेले बोंबील विकत होती. तिच्या शेजारी धनेशची सरबताची गाडी. धनेश म्हणजे गावच्या नवतरुण मंडळाचा अध्यक्ष. गर्दी आली की तोच पुढे होऊन सांगायचा, "मागे व्हा, मागे व्हा, जनावर चिडलंय." आणि मग, "सरबत घ्या."

मंजुषाने मैनाला बाजूला घेतलं. "मैना, खरं सांग. ती मगर खोटी आहे ना?"

मैनाने तोंडावर हात ठेवला. "अगो बाय! म्हंजी तुना म्हाईत नव्हता?"

"मला कसं माहीत असणार?"

"गावान सगल्यांना म्हाईत हाय! धनेशच्या मंडलाची हाय ती. गनपतीला देखावा केलता ना, हत्तीचा पाय मगर धरते तो, गजेंद्र मोक्ष. फायबरची हाय." मैना खरोखरच गोंधळली होती. "मना वाटला, तू जानून लिवतेस. मी गनूला पन सांगला, मंजूला काय बोलू नको, तिचा पन पोट हाय."

मंजुषाला कुणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं. गावाने तिला खोटारडी म्हटलं नव्हतं. उलट सांभाळून घेतलं होतं, घरच्यासारखं.

धनेशने बघितलं, की बातमी फुटली. तो गाडी सोडून धावत आला. "मॅडम, ऐका, ऐका. मंडळाची खोली खाली करायची होती. हत्ती बालवाडीने नेला, पोरं त्याच्या सोंडेवरून घसरतात. विष्णू एका हॉटेलवाल्याने नेला. मगर कोणी नेईना! मी दहा लोकांना फोन केले, घेता का मगर. शेवटी आमी ती तलावात सोडली. बुडेल वाटलं. ती बुडेना." त्याचा आवाज खाली आला. "आता तलावात फायबर टाकलं म्हणून लिहू नका मॅडम. मंडळाचं नाव जाईल. आणि धंदा पण बरा चाललाय सगळ्यांचा. तुमचा पण."

सगळ्यांचा बरा चालला होता, हे मात्र खरं नव्हतं. गणू शेगडीच्या मागे, गुंडाळलेल्या जाळ्यावर बसून होता. मगर आल्यापासून तळ्याला दोरी बांधली होती आणि प्राणीमित्र संस्थेचा एक रखवालदार शिटी घेऊन फिरत होता. पाण्याजवळ कुणी गेलं की शिटी. गणूला इतके दिवस पाण्यात पाय टाकता आला नव्हता.

"गणूभाऊ, तुम्ही त्याला सांगितलं का नाही, की मगर फायबरची आहे म्हणून?"

"सांगला ना," गणू म्हणाला. "तो बोलला, पेपरान तर खरी लिवलीय."

"तुला घरान बसवत नाय का?" मैना तिकडून कडाडली. "मी कमावतेय ना?"

"वाशीच्या मार्केटची मासली आनून तलतेस आन कराव्याची बोलून इकतेस! माज्या तलावाची मासली पान्यान आन मी काठावर!" गणू उठून उभा राहिला. मग मंजुषाकडे वळून शांतपणे म्हणाला, "माजा काम पन तुज्यासारकाच हाय, बाय. जाल्यान गावला तर गावला. पन जाला टाकू तरी दे."

मंजुषा तशीच माघारी फिरली. घरी आल्यावर तिने केयूरला फोन लावला.

"केयूर, मगर फायबरची आहे."

केयूर कुजबुजला, "ताई, हळू बोला."

"अरे, मी माझ्या घरात बसून बोलतेय."

"कन्फर्म आहे का पण? का आपण 'फायबरसदृश' म्हणू?"

"डोळ्यात बल्बचा होल्डर आहे तिच्या!"

"ताई, समजून घ्या ना. आज सकाळी साइटवर नवीन विभाग सुरू झालाय. राजकारण, क्रीडा, मनोरंजन, मगर. विभागप्रमुख मी आहे." त्याचा आवाज रडवेला झाला. "महिनाभर थांबा. तुमचं पत्र होऊ द्या, माझं पण विभागप्रमुखाचं कन्फर्मेशन होऊ द्या. मग आपण मिळून हळूहळू मगर कमी करू."

ज्योतिबा पलंगावर बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पोरगं बरोबर बोलतंय. आधी कायम हो. मग खरं लिव की. खरं कुटं पळून चाललंय?"

"आबा, तुम्ही असं म्हणता?"

"मी बाप हाय तुजा. मी दुसरं काय म्हणू?" ते चिडून म्हणाले. "तू रोज सकाळी लपाटाप घिऊन बसत्यास, फोन वाजतोय का बघत्यास. फोन वाजला न्हाई की तू दोन घास कमी खात्यास. ते मला दिसतंय. तुला वाटतंय, म्हाताऱ्याला काय कळत न्हाई."

मंजुषाला रडू यायचं ते हसू आलं, का हसू यायचं ते रडू आलं, तिलाच कळलं नाही. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने गणूचं सांगितलं. जाळं गुंडाळून काठावर बसलेला, शिटीला घाबरणारा.

ज्योतिबा घोटा चोळू लागले. "त्याला पान्यात जाऊ देत न्हाईत?"

"नाही."

"तुज्यामुळं?"

"माझ्यामुळेच म्हणायचं."

"हे वंगाळ झालं," ते म्हणाले. मग उठले आणि खुंटीवरची टोपी घेतली. "चल. मी बी येतो. रिक्षा कर."

करावेला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि बांधावर रोजच्यासारखीच गर्दी होती. एका वाहिनीचा कॅमेराही लागला होता. मंजुषाने प्रसादला तयार राहायला सांगितलं आणि रखवालदाराकडे गेली. ही बातमी देणारी मीच, आणि ती चुकीची आहे, हे समजावून सांगायचा तिचा बेत होता. ती "हे बघा, दादा," एवढंच म्हणाली असेल, तोच मागून गलका उठला. गणूने मंजुषाला येताना बघितलं होतं. तिच्या समजावण्यावर त्याचा फारसा भरवसा नसावा. त्याने कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक जवळ उभ्या असलेल्या ज्योतिबांच्या हातात दिलं, "धरा हो काका," म्हणाला आणि पाण्यात उतरला.

रखवालदाराची शिटी वाजली ती वाजतच राहिली. बायका किंचाळल्या. कुणीतरी "अ‍ॅम्ब्युलन्स!" म्हणून ओरडलं. प्राणीमित्र संस्थेच्या बाई मगरीला त्रास देऊ नका म्हणून ओरडत होत्या. मैना शेगडी सोडून काठावर आली आणि मगर खोटी आहे हे पक्कं ठाऊक असूनही "आरं, मागं फिर!" म्हणून गळा काढू लागली. इतक्या लोकांच्या किंचाळ्यांत तिचाही विश्वास डळमळला असावा. ज्योतिबा मात्र पाय रोवून, पोतं उचलताना रोवायचे तसे, दोरी धरून उभे होते.

गणू शांतपणे छातीभर पाण्यातून मगरीपर्यंत गेला. तिच्या नाकावर एक टपली मारली. मग तिच्या पाठीवर चढायला गेला. मगर एका बाजूला कलली, गणू पाण्यात पडला, आणि मगर सावकाश, गर्दीला नीट दिसेल अशी, उताणी झाली. पांढऱ्या पोटावर लाल अक्षरं होती: 'नवतरुण मंडळ, करावे. अध्यक्ष धनेश आपले सहर्ष स्वागत करीत आहेत.'

शिटी थांबली. मग गर्दीतून एक हसणं फुटलं आणि बघता बघता सगळा बांध हसायला लागला. धनेश सरबताच्या गाडीखाली काहीतरी शोधत असल्यासारखा वाकला तो वर येईना.

मंजुषा कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. 'मगर अभ्यासक' ही पट्टी तशीच होती. तिने सांगून टाकलं, की मगर फायबरची आहे, पहिली बातमी तिचीच, ती देताना तपासायला हवं होतं ते तिने तपासलं नाही. बोलत असतानाच खिशातला फोन थरथरू लागला. केयूर.

"ताई, त्यांना का देताय! आपली मगर आहे ती! आपल्याला पाठवा, आत्ता, दोन ओळी तरी!"

पाच मिनिटांत 'ताजी लाट'वर मथळा आला: 'मगरीचं सोंग उघड! सर्वांत आधी आमच्याकडे!' त्या दिवशी पोर्टल जितक्या लोकांनी वाचलं, तितकं आधी कधीच वाचलं नव्हतं.

तळ्याभोवतीची दोरी निघाली. गणूने दुसऱ्या दिवशी पहाटे जाळं टाकलं. पिंजऱ्यातली कोंबडी मैनाने मागून घेतली. ती इतकी मानात वाढली होती, की मैनाला तिची मान सुरीखाली धरवेना. तिने ती अंड्यांसाठी ठेवली. धनेशने मंडळाची पोरं घेऊन तळ्याकाठचा सगळा कचरा काढला आणि त्याचे फोटो काढायला प्रसादला आग्रहाने बोलावलं, म्हणजे एकंदरीत त्याचं नाव गेलं नाहीच. आणि दरमहा बांधून द्यायच्या कामाचं पत्र अर्थातच आलं नाही. मंजुषा पुन्हा गॅलरीत बसू लागली. फरक इतकाच, की ज्योतिबा आता चहा करून तिच्याजवळ ठेवायचे आणि कुणी आलं तर दारातूनच सांगायचे, "मोठ्यानं बोलू नका. ती कामाला बसलीया."

महिना काही उलटला नसेल, एका सकाळी दारावरची बेल वाजली. दारात केयूर. दाढी वाढलेली, पाठीवर बॅग, हातात फरसाणची पिशवी.

"ताई," तो म्हणाला, "नवी मुंबईचं पान बंद केलं त्यांनी. काल समोसे मागवले होते."

मंजुषाने त्याला आत घेतलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला. फोनवर इतकी वर्षं ऐकलेला प्रौढ आवाज एवढ्या कोवळ्या पोराचा असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"ताई, एक विचारू? स्वतंत्र झाल्यावर पहिल्या दिवशी काय करतात?"

"आंघोळ करायची," मंजुषा म्हणाली. "ती सोडायची नाही. ती सोडली की माणूस संपला."

"मग?"

मंजुषाने घड्याळ बघितलं. करंजाडेला एका नव्या मंगल कार्यालयाचं उद्घाटन होतं, पत्रकारांना आमंत्रण होतं आणि मालकाला स्मरणिकेसाठी लिहिणारं कुणीतरी हवंच होतं. प्रसाद स्टेशनवर भेटणार होता. तिने ओढणी घेतली, चपला घातल्या आणि केयूरच्या हातातली फरसाणची पिशवी ज्योतिबांकडे दिली.

"आधी दाढी करून घे. आबांचं सामान मोरीत आहे. मग चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आणि नीट ऐक. पहिल्या रांगेत बसायचं नाही, भाषण संपेपर्यंत उठता येत नाही. मधल्या रांगेत, कडेला बसायचं. जेवण मागच्या अंगाला असतं. पुऱ्या पहिल्यांदा येतात, त्यांच्या नादी लागायचं नाही. मालकाला गाठायचं ते जेवायच्या आधी. जेवल्यावर तो कुणालाच ओळखत नाही."

केयूरने खिशातून फोन काढला आणि हे सगळं भराभरा टिपून घ्यायला सुरुवात केली.